कोपरावरचे फूल

१

परक्याने आपली वस्तू नेली, तर मनुष्य हळहळतो, चार दिवस त्याच्या नावाने बोटे मोडतो आणि पुन्हा कामाला लागतो. आपल्या माणसाने ती नेली, तर वस्तू गौण ठरते. तिच्यामागोमाग विश्वास जातो, आणि खरा अपराधी सापडेपर्यंत निरपराध चेहरेही आपल्याला मलिन दिसू लागतात. त्या मलिन दृष्टीने आपणही कोणाचा तरी अपराध करून बसतो, आणि तो केल्याचे आपल्या ध्यानीही येत नाही. येथे सांगावयाची हकीगत अशाच दुहेरी अपराधाची आहे.

ती घडली एका शिवणकामाच्या कार्यशाळेत. दोन लांबलचक मेजे, उत्तरेकडे उघडणारी मोठी खिडकी, भिंतीला टांगलेले कागदी साचे, आणि कोपऱ्यात पांढऱ्या चादरीखाली उभा असलेला लाकडी पुतळा. त्या चादरीखाली काय आहे, हे चार माणसांखेरीज कोणालाही ठाऊक नव्हते. कार्यशाळेच्या स्वामिनी ताई, त्यांची धाकटी बहीण, तीस वर्षे कापड कापणारे मास्तर, आणि भरतकाम करणारी मैना. मैना हे तिचे खरे नाव नव्हे. सकाळी आल्यापासून संध्याकाळी जाईपर्यंत तिचे तोंड मिटत नसे, म्हणून ते पडले होते.

तिथे येणारे पाचवे होते मामा. ताईंच्या आणि धाकटीच्या आईचे भाऊ. छत्तीस वर्षे त्यांनी एका छापखान्यात रंग तपासण्याचे काम केले होते. निवृत्त झाले तरी खिशातले भिंग सुटले नव्हते. दर महिन्याला वेशभूषेचे ते मोठे मासिक कार्यशाळेत येई, त्या दिवशी मामाही येत. मुखपृष्ठाला भिंग लावत आणि "लाल जरा सांडलाय" असे काहीतरी पुटपुटत चहा घेत.

त्या सकाळी मैनेने पाकीट फाडले आणि ती किंचाळली, "अगं बाई! हा तर आपला कोट!"

मुखपृष्ठावर एक तरुणी कमरेवर हात ठेवून उभी होती. तिच्या अंगात राखाडी लोकरीचा लांब कोट होता, आणि त्याच्या बाहीवरून एक वेल मनगटापासून निघून दंडावर, दंडावरून खांद्यावर आणि खांद्यावरून थेट गळपट्टीपर्यंत चढत गेली होती.

ताई उठल्या आणि त्यांनी पुतळ्यावरची चादर ओढली. तोच राखाडी रंग, तीच वेल. आठ महिन्यांचे काम, पुढल्या महिन्यातल्या प्रदर्शनासाठी जिवापाड जपलेले. कोट जागच्या जागी होता. चोरीला गेले होते ते त्याचे पहिलेपण.

मासिक हातोहात फिरले. मास्तरांनी ते नाकाजवळ नेले, मान तिरपी केली, आणि पुढे दिले. धाकटीने ते घेतले, क्षणभरही मुखपृष्ठ न पाहता पान उलटले, आतल्या बारीक अक्षरांच्या यादीवरून बोट फिरवले, मासिक मिटले, आणि तिच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागले. मामांनी हे सारे पाहिले. अर्थ मात्र त्या क्षणी लावला नाही.

ताई मास्तरांकडे वळल्या. "मास्तर, गेल्या महिन्यात त्या निळ्या इमारतीत कशाला जात होतात तुम्ही?"

मास्तरांनी हातातली कात्री सावकाश मेजावर ठेवली.

२

निळ्या इमारतीचा उल्लेख होताच मैनेने जीभ चावली. ती बातमी तिनेच आणली होती. मास्तर तीन वेळा त्या इमारतीचा जिना चढताना तिला दिसले होते, काखेत लखोटा घेऊन. त्याच इमारतीत पहिल्या मजल्यावर एका बड्या वस्त्रकंपनीचे कार्यालय होते, आणि मासिकाच्या आतल्या यादीत मुखपृष्ठावरील कोटाचे निर्माते म्हणून छापले होते त्याच कंपनीचे नाव.

"बोला की," ताई म्हणाल्या.

"माझं खाजगी काम होतं," मास्तर म्हणाले.

"तीस वर्षांत तुमचं खाजगी असं काही होतं का हो आमच्यापासून? तुमच्या मुलीच्या लग्नाचा पोशाख या मेजावर शिवला मी, माझ्या हातानं."

"म्हणूनच सांगवत नाही."

या उत्तराचा अर्थ कोणी काहीही लावू शकला असता. ताईंनी वाईट तो लावला. त्यांचा आवाज विलक्षण शांत होता. "उद्या अकरा वाजता व्यवसायमंडळाची सभा आहे. गावातला प्रत्येक शिवणारा, कापणारा तिथं असेल. मी उभी राहून तुमचं नाव घेणार. पुन्हा कोणी तुम्हाला कापडाला हात लावू देणार नाही."

मास्तरांनी गळ्यातली मोजपट्टी काढली, तिची नीट गुंडाळी केली, आणि ते पायऱ्या उतरून गेले. त्यांनी मागे वळून पाहिले नाही. धाकटीने "ताई, अगं..." एवढेच म्हटले आणि ती थांबली.

"काय?"

"काही नाही."

"ताई," मामा म्हणाले, "उद्या अकरापर्यंतचा वेळ मला दे."

"कशाला? तुम्ही काय पोलीस आहात?"

"पोलीस नाही. पण छापलेल्या कागदाला मी आयुष्यभर प्रश्न विचारलेत, आणि तो खोटं बोलत नाही, एवढं मला माहीत आहे."

खिडकीपाशी बसून त्यांनी मुखपृष्ठावर भिंग धरले. पुतळ्यावरचा कोट पाहिला. पुन्हा मुखपृष्ठ. असे पाचसहा वेळा झाले. मग त्यांनी हाक मारली, "मैना, इकडे ये गं. या दोन वेली सारख्या आहेत का?"

"डिट्टो, मामा!"

"नाहीत. नीट बघ. एक फूल जागेवर नाही."

३

मैनेने भिंगातून पाहिले आणि आयुष्यात पहिल्यांदाच ती काही क्षण गप्प राहिली.

छापलेल्या वेलीवर एक टपोरे फूल बरोबर कोपरावर बसले होते. तरुणीने हात वाकवल्यामुळे ते चुरगळून त्याचा चोळामोळा झाला होता. पुतळ्यावरच्या कोटात कोपरावर नुसता देठ होता. ते फूल चार बोटे वर, दंडावर, ऐसपैस उमलले होते.

"अहो, हे तर आमचं जुनं फूल!" मैना म्हणाली. "आधी आम्हीसुद्धा कोपरावरच भरलं होतं. कच्ची शिलाई घालून कोट पहिल्यांदा उभा केला, तेव्हा मास्तर ओरडले, 'कोपरावर फूल ठेवतात का? हात वाकला की त्याचं भजं होईल!' मग काय, दोन दिवस बसून उसवलं मी. बोटं सुजली माझी. मास्तरांना इतक्या शिव्या घातल्या मनातल्या मनात!"

"हे कधी झालं?"

"दहा आठवडे झाले. पक्कं सांगते, कारण त्याच दिवशी माझा चष्मा फुटला."

"आणि त्याआधी तू किती दिवस भरत होतीस?"

"चाळीस दिवस. एकटीच्या हातानं दुसरं काय होणार?"

"अख्खी वेल तुझ्याकडे कधी आली?"

मैना हसली. "आमच्याकडे अख्खं काही कोणाला मिळतं का, मामा? ताईंची रीतच आहे ती. मनगटाचा तुकडा वेगळा, दंडाचा वेगळा, खांद्याचा वेगळा. एक संपला की तो जमा करायचा, मग दुसरा. कोट उभा राहीपर्यंत मलाच ठाऊक नव्हतं वेल कुठं निघालीय ते! मास्तरांना तर कागदाचा तुकडासुद्धा दिसत नाही. ते साधं कापड कापून मोकळे."

मामांनी भिंग खिशात ठेवले. छापखान्यातला प्रत्येक मनुष्य जाणतो की, मुखपृष्ठाचे छायाचित्र अंक निघण्याच्या तीन महिने आधी काढलेले असते. त्या कंपनीलाही वेल भरून घ्यायला चाळीस दिवस लागलेच असणार. म्हणजे साडेचार महिन्यांपूर्वी वेल या घराबाहेर पडली होती. तेव्हा मैनेला पहिला तुकडाही मिळाला नव्हता, आणि मास्तरांच्या निळ्या इमारतीतल्या फेऱ्या तर गेल्या महिन्यातल्या. ते कशासाठी गेले होते, हे कळणे आता अधिकच आवश्यक झाले.

दुपारी मामा निळ्या इमारतीचा जिना चढले. पहिल्या मजल्यावर कंपनीचे चकचकीत दार होते. ते तिथे थांबले नाहीत. जिना पुढेही जात होता, आणि दुसऱ्या मजल्यावरची पाटी वाचून मामा थेट मास्तरांच्या घराकडे निघाले.

४

मास्तरांच्या घराचे दार त्यांच्या पत्नीने उघडले. मास्तर खिडकीशी बसले होते. मामांनी ते मासिक त्यांच्यापुढे धरले.

"मास्तर, या बाईच्या कोपरावर काय आहे?"

मास्तरांनी मान तिरपी केली. कागद नाकाशी नेला. बराच वेळ गेला.

"डाग आहे काहीतरी," ते म्हणाले.

"फूल आहे. जे हलवायला तुम्हीच सांगितलं होतंत."

मास्तरांनी मासिक खाली ठेवले. "तेव्हा दिसत होतं. दोन महिन्यांत उजवा डोळा गेल्यासारखाच झालाय. डॉक्टर म्हणतात, शस्त्रक्रियेनं सुधारेल कदाचित. गुरुवारी पुन्हा बोलावलंय. लखोट्यात तपासणीचे कागद होते." ते कोरडे हसले. "सकाळी सगळे मुखपृष्ठ बघून आरडाओरडा करत होते ना, तेव्हा मला त्यावर कोट आहे की झाड आहे, हेसुद्धा दिसलं नाही."

"मग बोलला का नाहीत?"

"कापणाऱ्यानं डोळा गेला म्हणून सांगायचं? मला वाटलं, ताई ओरडून झाल्यावर विचारतील, मास्तर, तब्येत बरी आहे ना? त्यांनी ते विचारलं नाही. तिथंच माझ्या जिभेला कुलूप लागलं."

त्यांच्या पत्नी आतून म्हणाल्या, "यांना चोर म्हटल्यापासून पाणीसुद्धा घशाखाली गेलं नाही हो. उद्या त्या सभेत..."

"उद्या सभेत मास्तरांचं नाव घेतलं जाईल खरं," मामा म्हणाले, "पण वेगळ्या रीतीनं. दोघंही या."

रस्त्याने परतताना वृद्ध मामांचे पाऊल जड झाले होते. मास्तर सुटले, मैना सुटली. राहिलेल्या दोघी त्यांच्या बहिणीच्या लेकी होत्या. दोघींना त्यांनी खांद्यावर खेळवले होते. आणि एकीने पान उलटताना फिरवलेले बोट त्यांना आता स्पष्ट दिसत होते.

५

सकाळी नऊ वाजता कार्यशाळेत ताई, धाकटी, मैना आणि मामा बसले. मामांनी फुलाची गोष्ट सांगितली, दिवसांचा हिशोब मांडला, आणि दुसऱ्या मजल्यावरच्या नेत्रचिकित्सकाची पाटी सांगितली. ताईंच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला.

"मी विचारलंसुद्धा नाही," त्या पुटपुटल्या.

"ते पुढं पाहू. आधी सांग, साडेचार महिन्यांपूर्वी ही वेल अखंड कुठं होती?"

"एकाच कागदावर. माझ्या कपाटात. किल्ली अंघोळीलासुद्धा काढत नाही मी. आणि कागद अजून तिथंच आहे, कालच पाहिला."

"मग दोनच वाटा उरतात. कागद तू दाखवलास, नाहीतर ज्या हातानं तो काढला, त्या हातानं पुन्हा काढला." मामांनी एक कोरा कागद आणि पेन्सिल ताईंपुढे सरकवली. "काढ बरं ती वेल."

ताईंनी पेन्सिल उचलली. मनगटापाशी एक रेघ काढली. दुसरी काढली. पेन्सिल थांबली.

"कल्पना माझी होती," त्या म्हणाल्या.

"असेल. रेघ कोणाची?"

धाकटीने ताईंच्या हातातून पेन्सिल घेतली आणि खिडकीबाहेर पाहत, कागदाकडे ढुंकूनही न बघता, मनगटापासून गळपट्टीपर्यंत एका दमात वेल ओढली. कोपरावर फूल काढले आणि पेन्सिल खाली ठेवली.

"काल मासिक आलं," मामा मृदू स्वरात म्हणाले, "तेव्हा सगळ्यांनी चित्र पाहिलं. तू पान उलटलंस. चित्र तुला पाठ होतं. तू नाव शोधत होतीस, पोरी. आपलं."

"कंपनीवाले छापतो म्हणाले होते," धाकटी म्हणाली. "शब्द दिला होता. आतल्या पानावर, बारीक का होईना, पण माझं नाव. सतरा वर्षं मी वेली काढतेय, मामा. प्रत्येक कपड्याच्या आत चिठ्ठी शिवली जाते ताईच्या नावाची. पाहुणे आले की ताई म्हणते, 'ही माझी धाकटी, मला मदत करते.' मदत!"

"मला सांगायचं होतंस!" ताई उसळल्या. "घरातली गोष्ट चव्हाट्यावर..."

"तीनदा सांगितलं. पहिल्यांदा हसलीस. दुसऱ्यांदा म्हणालीस, नावात काय ठेवलंय. तिसऱ्यांदा तू मोजमाप घेत होतीस, ऐकलंच नाहीस."

"म्हणून मला विकलंस?"

"माझंच होतं ते. दिलं. आणि त्यांनी मलाही फसवलं. झालं समाधान?"

"वेल तुझी होती, हे मान्य," मामा म्हणाले. "पण कोट चौघांचा होता. आठ महिने चौघं त्याला कोंबडीसारखी उबवत होती. आणि त्याहून मोठी गोष्ट, मास्तर पायऱ्या उतरत होते तेव्हा तू 'ताई, अगं' म्हणालीस आणि थांबलीस. तुझं नाव छापलं नाही म्हणून तू रडलीस. त्यांचं नाव पुसलं जात होतं, तेव्हा?"

धाकटीने तोंड दोन्ही हातांत झाकले. मैना पदराने डोळे पुसत म्हणाली, "निळ्या इमारतीचं मीच बोलले होते. माझ्या या जिभेला टाके घाला कोणीतरी."

भिंतीवरच्या घड्याळात साडेदहा झाले होते. ताई उभ्या राहिल्या. त्या कोणाकडेही न पाहता चपला घालू लागल्या.

"काय बोलणार आहेस तिथं?" मामांनी विचारले.

ताई पायऱ्या उतरू लागल्या होत्या.

६

सभागृह भरले होते. बहुतेकांच्या हातात ते मासिक होते, आणि ताई आत येताच कुजबुज थांबली. मास्तर आणि त्यांच्या पत्नी शेवटच्या रांगेत बसले होते. त्यांच्या शेजारची खुर्ची कोणी घेतली नव्हती. इतक्यात बातमी पसरली होती. मामा जाऊन त्या खुर्चीवर बसले. धाकटी दारातच उभी राहिली.

ताई बोलावयास उठल्या. त्यांना वक्तृत्व नव्हते, आणि त्या दिवशी त्यांनी त्याचा आवही आणला नाही.

"हा कोट आमच्याकडचा आहे," त्या म्हणाल्या. "त्यावरची वेल माझ्या धाकट्या बहिणीनं काढली. गेली सतरा वर्षं आमच्याकडची प्रत्येक वेल तिनं काढली, आणि मी ती माझी म्हणून खपवली. ही वेल तिनं मला न विचारता बाहेर दिली. त्याचं मला फार दुःख झालंय. पण मी तिचं सतरा वर्षं घेतलं, तेव्हा तिलाही विचारलं नव्हतं." त्या थांबल्या. पाण्याचा पेला उचलला आणि न पिता खाली ठेवला. "काल मी मास्तरांना चोर म्हटलं. माझ्याच घरात म्हटलं, पण मैनेच्या कृपेनं गावभर झालं असेल. ते खोटं आहे. या कोटात एकच चूक होती आणि ती त्यांनी दुरुस्त केली. मुखपृष्ठावर बघा, कोपराशी. ज्यांच्याजवळ मास्तर नव्हते, त्यांचं फूल चुरगळलंय."

शंभर मासिके एकदम उचलल्याचा आवाज झाला. माना वाकल्या, आणि मग एकेक करून मागच्या रांगेकडे वळल्या. एक वृद्ध शिंपी उठून मास्तरांपाशी गेला आणि त्याने त्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

दारातून धाकटी पुढे आली. तिला एवढ्या लोकांत बोलण्याची सवय नव्हती. "मास्तर, मला खरं ठाऊक होतं आणि मी गप्प बसले," ती म्हणाली. "क्षमा मागायचं तोंड नाही मला. नुसतं सगळ्यांसमोर सांगायला आले."

सभा संपली तेव्हा ताई मास्तरांजवळ आल्या. "गुरुवारी डॉक्टरांकडे जायचंय म्हणे तुम्हाला. मी येते बरोबर."

मास्तरांनी नकारार्थी मान हलवली. "नको, ताई. बायको आहे. मला अजून राग आहे, तो जायला वेळ लागेल. गेला की मी आपणहून येईन, बोलवायला माणूस पाठवू नका." मग त्यांनी दाराकडे हात केला. "ती बघा, एकटीच निघालीय. तुम्ही तिच्याबरोबर जा. बोलू नका वाटलं तर. पण जा."

ताई निघाल्या. रस्त्यावर दोघी बहिणी शेजारी शेजारी चालू लागल्या, मध्ये हातभर अंतर ठेवून. धाकटी यापुढे कार्यशाळेत येईल की स्वतःचे मेज मांडेल, हे त्या दिवशी कोणीच सांगू शकले नसते. मामांनी ते विचारलेही नाही. ते सभागृहाच्या पायरीवर उभे राहून त्या दोन पाठमोऱ्या आकृती दिसेनाशा होईपर्यंत पाहत राहिले, आणि हात न जोडता, ओठ न हलवता, मनातल्या मनात म्हणाले: दुखावलेल्यांना शांती लाभो, चुकलेल्यांना धैर्य लाभो, आणि ज्याच्या हातचे काम, त्याच्या पदरी त्याचा मान पडो.